दुसऱ्या नंबरचा कॅचर: डेव्हिड रॉसचं प्रकरण

कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) डेव्हिड रॉस २००२ ते २०१६ अशी १५ वर्षं मेजर लीग बेसबॉल, म्हणजे अमेरिकेतली सर्वोच्च लीग, खेळला. ७ संघांकडून मिळून ८८३ सामने, १०६ होम रन (थेट मैदानाबाहेर गेलेले फटके) आणि फलंदाजीची सरासरी ०.२२९. दर हंगामात १६२ सामने होतात, म्हणजे ढोबळ हिशेबाने छत्तीस टक्के सामन्यांत तो मैदानात उतरला. एका हंगामात १०० सामन्यांचा आकडा त्याने एकदाच ओलांडला, २००७ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी त्या संघाने त्याला नारळ दिला. याउलट २०१५ मध्ये त्याची सरासरी ०.१७६ इतकी खाली गेली, तरी त्याची नोकरी शाबूत राहिली आणि पुढच्या हंगामअखेर सहकाऱ्यांनी त्याला खांद्यावर उचलून मैदानाबाहेर नेलं.

बेसबॉलमध्ये सरासरी म्हणजे बॅटिंगच्या किती वेळांपैकी किती वेळा हिट (बेस गाठून देणारा फटका) मिळाला त्याचं प्रमाण. ०.३०० म्हणजे उत्तम, ०.२५० म्हणजे चालेल. ०.२०० च्या रेषेला तर खेळाडूंच्या बोलीत मारिओ मेंडोझा या खेळाडूचं नावच पडलंय. तिच्या आसपास घुटमळणाऱ्याने बॅग भरून ठेवावी अशी ती जागा. रॉस या रेषेच्या वरखाली करत राहिला आणि तरी पंधरा वर्षं टिकला. त्याची बॅट कधी चालली, कधी बंद पडली, पण त्याच्या कारकिर्दीतले चढउतार तेवढ्यावरून समजत नाहीत. कोणत्या संघाने त्याच्याकडून नेमकं कोणतं काम मागितलं, ते पाहिलं की बऱ्याच गोष्टी जागच्या जागी बसतात.

दुसरा कॅचर लागतो कशाला

क्रिकेटमधला राखीव यष्टिरक्षक अख्खा दौरा पाण्याच्या बाटल्या नेण्यात घालवू शकतो. बेसबॉलमध्ये तसं होत नाही. सहा महिन्यांत १६२ सामने खेळायचे, त्यात मोकळा दिवस आठवड्यात एखादा मिळाला तर मिळाला. कॅचर प्रत्येक सामन्यात शंभराहून बरेच जास्त चेंडू उकिडवं बसून झेलतो. बॅटला निसटती लागलेली फाउल थेट त्याच्या मुखवट्यावर आदळते. गुडघे, मांड्या, बोटं, डोकं, सगळंच पणाला. त्यामुळे रात्री उशिरा सामना संपला आणि दुसऱ्या दिवशी दुपारीच पुढचा असला, की पहिल्याला विश्रांती आणि दुसऱ्याला मैदान, हा जवळपास अलिखित नियम. वर्षाकाठी ४० ते ६० सामने दुसऱ्या कॅचरच्या वाट्याला ठरलेले असतात.

शिवाय कॅचरचं काम नुसतं झेलण्याचं नाही. पुढचा चेंडू कोणता टाकायचा हे तो खुणेने सुचवतो. पिचर (चेंडू टाकणारा) बिथरला तर टेकडीवर, म्हणजे त्याच्या उंचवट्यावर, जाऊन त्याला सावरतो. बेस चोरायला, म्हणजे फटक्याविनाच पुढचा टप्पा गाठायला, निघालेल्या धावपटूला बसल्या जागेवरून उठत फेकीने बाद करतो. कडेवरचा चेंडू ग्लव्हमध्ये असा अलगद थांबवतो की पंचाला तो स्ट्राइक (फलंदाजाच्या विरोधात मोजला जाणारा चेंडू; तीन झाले की बाद) वाटावा. हे शेवटचं कसब बेसबॉलवाल्यांना कायम माहीत होतं, पण त्याचं मोल आकड्यांत मांडता येत नव्हतं. प्रत्येक चेंडूचा मार्ग कॅमेऱ्यांनी नोंदला जायला लागला, आणि २०११ च्या सुमाराला माइक फास्टसारख्या विश्लेषकांनी त्यातून दाखवून दिलं की चांगला आणि वाईट झेलणारा यांच्यातला फरक हंगामाअखेर बऱ्याच धावांचा असतो. रॉससारख्यांच्या बाजारभावाला याचा हातभार लागला, असं मला वाटतं. पण तोवर त्याची निम्मी कारकीर्द उलटून गेली होती.

सुरुवात

जन्म १९७७ चा, जॉर्जियातल्या बेनब्रिजचा; वाढला फ्लोरिडातल्या टॅलाहसीत. कॉलेज बेसबॉल आधी ऑबर्न आणि मग फ्लोरिडा विद्यापीठाकडून. १९९८ मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत लॉस एंजेलिस डॉजर्सनी त्याला सातव्या फेरीत घेतलं. सातवी फेरी म्हणजे संघाला आशा आहे, पण झोप उडावी इतकी नाही.

२९ जून २००२ ला तो मेजर लीगमध्ये पहिल्यांदा खेळला. पहिला होम रन आला २ सप्टेंबरला, ॲरिझोनाविरुद्ध. डॉजर्सनी तो सामना १९-१ असा जिंकला. निकाल लागून गेला होता, तेव्हा खरे पिचर उगाच खर्च करायचे नाहीत म्हणून ॲरिझोनाने आपला पहिल्या बेसवरचा खेळाडू मार्क ग्रेस याला चेंडू टाकायला उभं केलं होतं. ग्रेसने मजेमजेत टाकलेल्या चेंडूवर रॉसने खातं उघडलं. हा ग्रेस आधी तेरा हंगाम शिकागो कब्जचा लाडका खेळाडू होता. ज्या माणसाचा शेवटचा होम रन कब्जसाठी कुठे आणि कधी लागला हे पुढे येणार आहे, त्याचा पहिला असा फुकटात पडलेला असावा, हे मला फार आवडतं.

डॉजर्सकडे पॉल लो डुका हा पहिला कॅचर होता. २००३ मध्ये रॉसने ४० सामन्यांत १० होम रन मारले. २००४ च्या जुलैअखेर लो डुकाला फ्लोरिडाकडे धाडण्यात आलं आणि रॉससाठी वाट मोकळी झाली, पण त्या वर्षी त्याची सरासरी ०.१७० वर घसरली. २००५ मध्ये आधी पिट्सबर्ग, मग सॅन डिएगो. २००६ च्या मार्चमध्ये सिनसिनाटी रेड्स. एका वर्षात तीन शहरं म्हणजे बिऱ्हाड पाठीवर.

सिनसिनाटी: बढतीचा सापळा

या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच, आणि नेमका तोच सहसा दोन ओळींत उरकला जातो.

२००६ मध्ये रेड्सकडे तीन कॅचर होते: जेसन लरू, हावियेर व्हॅलेंटीन आणि रॉस. मॅनेजरने (मुख्य प्रशिक्षकाने) पिचर वाटून दिले. रॉसकडे ब्रॉन्सन अरोयो आला. रॉस ९० सामने खेळला आणि २१ होम रन, ०.२५५ सरासरी अशी मजल मारली. दर साधारण बारा वेळच्या बॅटिंगमागे एक होम रन, म्हणजे नामांकित फटकेबाजांच्या पंगतीत बसणारा वेग. रेड्सनी पुढचा विचार सरळ केला: हा अर्ध्या वेळात एवढं करतो, तर पूर्ण वेळ दिल्यावर केवढं करेल. लरूला दुसरीकडे धाडलं, रॉसशी दोन वर्षांचा करार केला आणि त्याला पहिला कॅचर केलं.

२००७ मध्ये तो ११२ सामने खेळला. होम रन १७, सरासरी ०.२०३.

हे आकडे नीट पाहायला हवेत. सामने वाढले फक्त २२. तेवढ्याने माणूस थकून कोसळत नाही. माझ्या मते दोन गोष्टी झाल्या. एक, २४७ वेळच्या बॅटिंगवरून कुणाचीही कुवत ठरवणं म्हणजे नशिबाच्या वाऱ्याला हवामान समजणं. तो वारा पुढच्या वर्षी पडला. दुसरं, तिघांत एक असताना मॅनेजर तुम्हाला सोयीच्या दिवशी उतरवतो. पहिला नंबर मिळाला की सोयीचे-गैरसोयीचे सगळे दिवस तुमचेच. जो पिचर तुम्हाला आवडत नाही, त्यालाही तोंड द्यावं लागतं. रेड्सनी उत्पन्न पाहिलं, ते कोणत्या अटींवर येत होतं ते पाहिलं नाही.

२००८ मध्ये पॉल बाको त्याच्या पुढे गेला आणि ऑगस्टमध्ये रेड्सनी त्याला मोकळं केलं. काही दिवसांत बॉस्टन रेड सॉक्सनी उचललं, तेही उरलेल्या हंगामापुरतं. तिथे सर्वेसर्वा होते थिओ एपस्टाईन. त्यांच्याकडून रॉसला कळलं की बाहेर तुझं नाव वाईट सहकारी म्हणून झालंय. हे रॉसने पुढे स्वतःच सांगितलंय. त्याची स्वतःबद्दलची समजूत नेमकी उलटी होती, त्यामुळे हे त्याला चांगलंच लागलं.

इथून पुढे त्याची कथा सांगणारे बहुतेक जण सुधारणेची गोष्ट रंगवतात: आधीचा आत्मकेंद्री खेळाडू, मग डोळे उघडले, मग सगळ्यांचा आवडता. त्यात तथ्य असेलही. पण मला ती गोष्ट जरा जास्तच गोड वाटते. पहिल्या नंबरच्या ओझ्याखाली ०.२०३ वर धडपडणारा माणूस ड्रेसिंग रूममध्ये कुरबुऱ्या असतो, आणि तोच माणूस भूमिका स्पष्ट असली की मोकळा होतो, हे मी कचेऱ्यांतही पाहिलंय. स्वभाव बदलला की परिस्थिती, हे वेगळं करणं सोपं नाही.

अटलांटा आणि बॉस्टन

२००८ च्या डिसेंबरात अटलांटा ब्रेव्ह्जनी त्याला दोन वर्षांसाठी सुमारे ३० लाख डॉलरवर घेतलं. तिथे पहिला कॅचर ब्रायन मॅकॅन, जवळजवळ दरवर्षी ऑल-स्टार, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंत. त्यामुळे रॉसला कुणी उद्याचा पहिला कॅचर म्हणून पाहत नव्हतं. मॅकॅन डावखुरा फलंदाज, रॉस उजवा. समोर डावखुरा पिचर असला की मॅकॅनला विश्रांती देणं सोयीचं आणि रॉसला उतरवणंही. सिनसिनाटीने काढून घेतलेल्या अटी अटलांटाने रचनेतच बसवून परत दिल्या. चार हंगामांत त्याची सरासरी ०.२६९. कारकिर्दीतला सर्वांत सलग चांगला काळ, वर्षाला साधारण पन्नास-साठ सामन्यांचा.

५ ऑक्टोबर २०१२ ला सेंट लुईसविरुद्ध हरला तो घरी, अशा एका सामन्यासाठी मॅनेजर फ्रेडी गोन्झालेझ यांनी मॅकॅनला बसवून रॉसला खेळवलं. मॅकॅनचा खांदा दुखत होता, बॅट चालत नव्हती. दुसऱ्या इनिंगमध्ये (सामन्यात अशा नऊ) रॉसने बॅट फिरवली आणि चेंडू हुकला. तिसरा स्ट्राइक, म्हणजे बाद. पण चेंडू सुटण्याच्या क्षणीच पंचाने त्याने मागितलेला टाइमआउट मान्य केला होता, म्हणून तो चेंडू मोजलाच गेला नाही. जीवदान मिळालेल्या रॉसने लगेच दोन धावांचा होम रन मारला. अटलांटा तरीही ६-३ असं हरलं. तो सामना लोकांच्या लक्षात आहे तो आठव्या इनिंगमधल्या पंचांच्या वादग्रस्त इनफील्ड फ्लायच्या (झेल गृहीत धरून फलंदाजाला बाद देण्याच्या) निर्णयासाठी आणि चिडलेल्या प्रेक्षकांनी मैदानात फेकलेल्या बाटल्यांसाठी. अटलांटाच्या दिग्गज चिपर जोन्सचा तो अखेरचा सामना होता. रॉसचे त्या दिवशीचे तीन हिट कुणाला आठवत नाहीत.

बॉस्टनने त्याला पुन्हा बोलावलं, दोन वर्षांसाठी ६२ लाख डॉलरवर. २०१३ च्या मे-जूनमध्ये मुखवट्यावर आदळलेल्या फाउलींनी त्याच्या मेंदूला दोनदा धक्का बसला आणि जवळजवळ दोन महिने तो बाहेर होता. तो हंगाम जेमतेम ३६ सामन्यांचा. ३६ वर्षांच्या कॅचरने तिथेच थांबायचं ठरवलं असतं तर कुणी बोट दाखवलं नसतं. तो ऑगस्टमध्ये परतला.

वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत, पहिला कॅचर होता जॅरड साल्टलमॅकिया. तिसऱ्या सामन्यात त्याची तिसऱ्या बेसकडची फेक वाया गेली आणि त्याच गोंधळात सेंट लुईसने सामना जिंकला. चौथ्यापासून रॉस. पाचव्या सामन्यात सातव्या इनिंगमध्ये १-१ अशी बरोबरी असताना त्याने ॲडम वेनराइटच्या चेंडूवर डबल (दोन बेस गाठून देणारा फटका) मारून आघाडी मिळवून दिली. सहाव्या सामन्याचा शेवटचा स्ट्राइक त्याच्याच ग्लव्हमध्ये पडला. बॉस्टनने १९१८ नंतर पहिल्यांदा फेनवे पार्कवर विजेतेपद साजरं केलं.

लेस्टर

जॉन लेस्टर हा त्या काळातला बॉस्टनचा अव्वल डावखुरा पिचर. फलंदाजाला तो बिनदिक्कत चेंडू टाकायचा, पण पहिल्या बेसकडे फेकायची वेळ आली की त्याचा हात जणू त्याचा राहत नसे. धावपटूला बेसशी जखडून ठेवायला पिचरने मधूनमधून तिकडे फेकावंच लागतं. २०१४ च्या संपूर्ण नियमित हंगामात लेस्टरने असा एकही चेंडू फेकला नाही.

त्या वर्षी जुलैअखेर बॉस्टनने त्याला ओकलंडला दिलं. ३० सप्टेंबरला कॅन्सस सिटीविरुद्ध बाद फेरीचा एकच सामना होता. ओकलंडने नेहमीचा कॅचर डेरेक नॉरिस याच्याऐवजी जोव्हानी सोटो याला उतरवलं होतं. त्याचा अंगठा पहिल्याच इनिंगमध्ये दुखावला, नॉरिसला यावं लागलं. कॅन्सस सिटीने त्या सामन्यात ७ बेस चोरले आणि चार धावांची पिछाडी भरून काढत बाराव्या इनिंगमध्ये ९-८ असा विजय मिळवला. सगळ्या चोऱ्या लेस्टरच्याच नावावर नाहीत, पण दुसऱ्या कॅचरचा अंगठा किती महाग पडू शकतो, हे त्या रात्री सगळ्या लीगने पाहिलं.

डिसेंबरात शिकागो कब्जनी लेस्टरशी सहा वर्षांचा १५ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. त्याच महिन्यात रॉसशी दोन वर्षांचा, ५० लाखांचा. कब्जचे प्रमुख तोवर झाले होते तेच थिओ एपस्टाईन.

रॉस धावपटूंवर डोळा ठेवून, बसल्या जागेवरून पहिल्या बेसवरच्या अँथनी रिझोकडे झटक्यात चेंडू फेकायचा. लेस्टर जे करू शकत नव्हता ते काम त्याच्या मागच्या माणसाने अंगावर घेतलं. ७ ऑक्टोबर २०१६ ला सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध लेस्टर आठ इनिंग खेळला आणि कब्जनी सामना १-० असा जिंकला. रॉसने दोन धावपटू बेसांमध्ये बाद केले. धावफलकावर एकच धाव असलेल्या सामन्यात त्या दोन फेकींची किंमत काय, ते ज्याचं त्याने ठरवावं.

म्हणूनच २०१५ ची ०.१७६ सरासरी चालून गेली. त्या वर्षीचा त्याचा एकुलता एक होम रनही मजेदार आहे. २६ जुलैला कब्ज फिलाडेल्फियाकडून सपाटून हरत होते. नवव्या इनिंगमध्ये पिचर वाचवायला म्हणून रॉसलाच टेकडीवर पाठवलं. त्याने तिघांना सरळ बाद केलं, मग बॅट घेऊन आला आणि होम रन मारला. २००२ मधला मार्क ग्रेस तेरा वर्षांनी तो स्वतःच झाला होता.

२०१६ हा अखेरचा हंगाम, आधीच जाहीर केलेला. रिझो आणि क्रिस ब्रायंट यांनी त्याला आजोबा करून टाकलं आणि त्या नावाने इन्स्टाग्रामवर त्याचा निरोप समारंभ वर्षभर चालवला. २१ एप्रिलला जेक अरिएटाने एकही हिट न देता सामना जिंकला तेव्हा मागे रॉस होता, आणि मैदान होतं सिनसिनाटीचं, जिथून आठ वर्षांपूर्वी त्याला घरी पाठवलं होतं. मेमध्ये कारकिर्दीतला शंभरावा होम रन. हंगामात ६७ सामने, १० होम रन.

वर्ल्ड सीरिजचा सातवा सामना, क्लीव्हलँड, २ नोव्हेंबर. पाचव्या इनिंगमध्ये दोन बाद असताना, ५-१ अशी आघाडी असताना मॅनेजर जो मॅडन यांनी लेस्टरला आणलं आणि त्याच्याबरोबर रॉसला. जेसन किप्निसने चेंडू जेमतेम पुढे ढकलला. रॉसने तो उचलून पहिल्या बेसकडे भिरकावला तो भलतीकडेच. मग लेस्टरचा एक चेंडू जमिनीवर आपटून रॉसच्या मुखवट्याला लागून लांब घरंगळला, तो शोधताना रॉस कोलमडला आणि एकाच चेंडूवर दोन धावा झाल्या. ५-३. पुढच्याच अर्ध्या इनिंगमध्ये रॉस त्या वर्षीचा सर्वांत धोकादायक मानला गेलेला रिलीफ पिचर (सामन्याच्या मध्येच येणारा) अँड्र्यू मिलर याच्यासमोर उभा राहिला आणि मध्यावरून होम रन मारला. वर्ल्ड सीरिजच्या सातव्या सामन्यात होम रन मारणारा तो सर्वांत वयस्क खेळाडू, वय ३९. पुढे क्लीव्हलँडने बरोबरी साधली, पाऊस आला, आणि दहाव्या इनिंगमध्ये कब्ज ८-७ ने जिंकले, १९०८ नंतर पहिल्यांदा.

त्या रात्रीच्या चित्रफिती फिरतात त्या होम रनच्या. मला ती अर्ध्या-पाऊण तासाची पूर्ण पट्टीच जास्त प्रातिनिधिक वाटते: वाया गेलेली फेक, कोलमडणं आणि मग फटका.

लेस्टर नसता तर

हे प्रकरण सरसकट लागू करू नये, यासाठी एरिक क्रॅट्झचं उदाहरण बरं. जन्म १९८०, शिक्षण ईस्टर्न मेनोनाइट या छोट्या विद्यापीठात, २००२ मध्ये थेट २९ व्या फेरीत निवड. मेजर लीगचं दार उघडलं ते १७ जुलै २०१० ला, तिशी गाठल्यावर. पुढची दहा वर्षं वर-खाली, शहर बदलत. त्याचे संघ मोजायला दोन्ही हात लागतात. २०१८ मध्ये ३८ व्या वर्षी मिलवॉकीकडून कोलोरॅडोविरुद्धच्या मालिकेत त्याने ८ पैकी ५ वेळा हिट मारले. ती मालिका, आणि हंगामानंतर पुन्हा बॅग. चाळिशीत, २०२० मध्ये, निवृत्त झाला तेव्हा नावावर ३१ होम रन. कष्ट आणि समजूत यांत तो रॉसपेक्षा उणा होता असं मानायला माझ्याकडे कारण नाही. पण १५ कोटींचा कुणी पिचर आपल्याबरोबर क्रॅट्झला ओढत घेऊन गेला नाही.

मॅनेजर

निवृत्तीनंतर ईएसपीएनवर समालोचन, नृत्याच्या टीव्ही स्पर्धेत दुसरा क्रमांक, कब्जचा सल्लागार. ऑक्टोबर २०१९ मध्ये मॅडन यांच्या जागी कब्जनी त्याला मॅनेजर केलं. त्याआधी त्याने कोणत्याही पातळीवर संघ चालवला नव्हता.

२०२० च्या करोनाने कापलेल्या हंगामात ३४ विजय, २६ पराभव आणि गटात पहिला क्रमांक. बाद फेरीत मायामीकडून लगेच गारद. २०२१ च्या जुलैअखेर वरच्यांनी रिझो, ब्रायंट आणि बाएझ या तिघांना एका झटक्यात विकून टाकलं. ज्यांनी त्याला आजोबा केलं होतं, त्यांच्याशिवायचा संघ त्याला चालवायला मिळाला. त्या हंगामात ७१ विजय, पुढच्यात ७४, २०२३ मध्ये ८३ आणि बाद फेरी एका विजयाने हुकली. चार वर्षांचा हिशेब २६२ विजय, २८४ पराभव.

कब्जचे तेव्हाचे प्रमुख जेड हॉयर यांनी हंगाम संपल्यावर त्याची पाठराखण केली होती. पण मिलवॉकीचे क्रेग काउन्सेल यांचा करार संपला आणि ते बाजारात आले. ६ नोव्हेंबर २०२३ ला कब्जनी त्यांना पाच वर्षांसाठी ४ कोटी डॉलरहून अधिक रकमेवर घेतलं, मॅनेजरच्या करारांतला तोवरचा विक्रम. हॉयर विमानाने टॅलाहसीला गेले आणि रॉसला त्याच्या घरी जाऊन हे सांगितलं. त्याच्या कामावर त्यांचा ठपका असा नव्हताच. अधिक मोठं नाव मोकळं झालं होतं, आणि मॅनेजरची जागा संघात एकच असते.